कोलोरॅडोची तीन मतं

१ ऑगस्ट म्हटलं की मराठी माणसाला लोकमान्यांची पुण्यतिथी आठवते, अण्णाभाऊ साठ्यांची जयंती आठवते. डेन्व्हर परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी या तारखेला आणखी एक महत्त्व आहे. १ ऑगस्ट १८७६ रोजी कोलोरॅडो हे अमेरिकेचं ३८ वं राज्य झालं. देशाच्या स्वातंत्र्याला त्याच वर्षी शंभर वर्षं झाली होती, म्हणून त्याला आजही 'शताब्दी राज्य' म्हणतात. २०२६ साली या राज्याची दीडशे वर्षं पूर्ण होतात. त्या निमित्ताने त्याच्या पहिल्याच वर्षातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. या नव्या राज्याच्या तीन मतांनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरला, आणि ती मतं कुणाला द्यायची हे तिथल्या जनतेला कुणी विचारलंच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६१ पासून कोलोरॅडो ही 'टेरिटरी' होती, म्हणजे केंद्राच्या ताब्यातला प्रदेश. गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जायचा. काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी बसायचा, पण त्याला मतदान करता येत नसे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तर या लोकांना स्थानच नव्हतं. खाणी खणा, रेल्वे आणा, कर भरा, पण मत मागू नका, असा पंधरा वर्षांचा कारभार.

१८७४ साली या प्रदेशाने थॉमस पॅटरसन नावाचा डेमोक्रॅट प्रतिनिधी निवडून दिला. त्याने आपल्या पक्षाच्या लोकांना पटवलं की कोलोरॅडोला राज्य करा, मतं आपल्यालाच मिळतील. रिपब्लिकनांनाही हेच वाटत होतं, फक्त मतं त्यांना मिळणार होती! अखेर ३ मार्च १८७५ रोजी राज्यनिर्मितीचा मार्ग मोकळा करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची सही झाली. राज्यघटना तयार झाली आणि १ जुलै १८७६ रोजी लोकांनी ती १५,४४३ विरुद्ध ४,०६२ अशा मोठ्या फरकाने मंजूर केली.

ही घटना अनेक बाबतींत पुढारलेली होती. राज्याचे कायदे १९०० सालापर्यंत इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि जर्मन भाषेतही छापले जावेत, अशी तरतूद तिच्यात होती. दुसऱ्या देशात राहून आपली भाषा जपू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं कौतुक वाटायला हवं. पण शेवटच्या भागात एक छोटं कलम होतं: १८७६ पुरते राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचे 'इलेक्टर' विधिमंडळ नेमेल.

इलेक्टर म्हणजे काय, हे आपल्याकडच्या नातेवाइकांना प्रत्येक अमेरिकन निवडणुकीच्या वेळी समजावून सांगावं लागतं. थोडक्यात, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठराविक इलेक्टर मिळतात आणि ते राष्ट्राध्यक्ष निवडतात. लहानात लहान राज्यालाही किमान तीन. हे इलेक्टर कसे नेमायचे, ते ठरवण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने राज्यांच्या विधिमंडळांना दिला आहे. १८७६ पर्यंत बाकी सगळीकडे ते लोकांच्या मतांनीच ठरत होते. कोलोरॅडोत मात्र ३ ऑक्टोबरला राज्याची निवडणूक झाली, रिपब्लिकन जॉन राउट गव्हर्नर झाले, विधिमंडळात रिपब्लिकनांचं बहुमत आलं, आणि नोव्हेंबरमध्ये आमदारांनी तीन रिपब्लिकन इलेक्टर नेमून टाकले. देशभर लोक मतदान करत असताना कोलोरॅडोच्या नागरिकांना त्यासाठी मतपेटीच नव्हती.

एरवी ही गोष्ट इतिहासाच्या तळटीपेत गेली असती. पण ती निवडणूक साधी नव्हती. डेमोक्रॅट सॅम्युअल टिल्डन यांना सुमारे ४२ लाख ८८ हजार मतं मिळाली, रिपब्लिकन रदरफर्ड हेज यांना सुमारे ४० लाख ३४ हजार. एकूण इलेक्टर ३६९, जिंकायला हवे १८५. टिल्डन १८४ वर अडकले. फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलायना आणि ऑरेगन मिळून २० इलेक्टरांवर वाद झाला. काँग्रेसने १५ जणांचा आयोग नेमला. त्याने प्रत्येक वादात ८ विरुद्ध ७ असा कौल देत वीसच्या वीस इलेक्टर हेज यांच्या पदरात टाकले. २ मार्च १८७७ रोजी निकाल जाहीर झाला: हेज १८५, टिल्डन १८४.

आता वजाबाकी करून बघा. कोलोरॅडो त्या वर्षी राज्य झालंच नसतं तर एकूण इलेक्टर ३६६ राहिले असते आणि बहुमताचा आकडा १८४ वर आला असता. टिल्डन यांच्याकडे बरोबर १८४ होते! म्हणजे वादातले सगळे इलेक्टर हेज यांना देऊनही टिल्डनच राष्ट्राध्यक्ष झाले असते. पॅटरसन यांनी आपल्याच पक्षाला जे राज्य मिळवून दिलं, त्याच राज्याने त्या पक्षाच्या हातचं राष्ट्राध्यक्षपद घालवलं.

यावर नेहमीचं उत्तर असं की, जे झालं ते कायद्याला धरून झालं. खरं आहे. दुसरं उत्तर असं की, नव्या राज्याकडे महिन्याभरात दुसरी निवडणूक घ्यायला वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. हे मात्र पटत नाही. बारा वर्षं आधीचं नेव्हाडाचं उदाहरण समोर होतं. नेव्हाडाची संपूर्ण राज्यघटना तारेने वॉशिंग्टनला पाठवली गेली, ३१ ऑक्टोबर १८६४ रोजी ते राज्य झालं आणि अवघ्या आठ दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, तिथल्या लोकांनी लिंकन यांच्या निवडणुकीत मतदान केलं. देशात यादवी युद्ध पेटलेलं असताना! नेव्हाडाला जे आठ दिवसांत जमलं, ते कोलोरॅडोला तीन महिन्यांत जमू नये? इच्छा असेल तर मतपेटी सापडते.

कुणी म्हणेल, लोकांना विचारलं असतं तरी हेजच जिंकले असते. असेलही. ऑक्टोबरचा कौल रिपब्लिकनांच्या बाजूने होता. पण मग विचारायला काय हरकत होती? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. प्रोग्रॅम नेमून दिलेल्या नियमांप्रमाणे चालला म्हणजे तो बरोबर आहे असं नाही. नियमच अपुरे असू शकतात, आणि ते अपुरेपण नेमकं अटीतटीच्या वेळीच उघडं पडतं. तीन इलेक्टर कसे नेमले याला एरवी कुणी विचारलं नसतं. एका मताने निकाल लागला, तेव्हा त्या तीन मतांना तोलामोलाची किंमत आली.

आणि ही किंमत भलत्याच लोकांनी मोजली. हेज सत्तेवर आल्यावर १८७७ च्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियानातल्या सरकारांच्या पाठीशी असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क कागदावर होता, तो बजावायला लागणारं संरक्षण गेलं. पुढे दक्षिणेत दहशत, कर आणि परीक्षा यांच्या जोरावर त्यांना मतपेटीपासून दूर ठेवलं गेलं. टिल्डन आले असते तर वेगळं घडलं असतं असा दावा नाही. त्यांचा पक्षच दक्षिणेतल्या गोऱ्यांचा पक्ष होता. पण एवढं नक्की की हा निर्णय वॉशिंग्टनमधल्या बंद खोल्यांत झाला, आणि ज्यांचं भवितव्य ठरत होतं ते खोलीबाहेर होते.

त्या हक्काला खरं बळ मिळायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. त्याच वर्षी, त्याच नागरी हक्कांच्या चळवळीने तापलेल्या वातावरणात नवा इमिग्रेशन कायदा झाला आणि आशियाई लोकांसाठी अमेरिकेचं दार उघडलं. आपण ज्या दारातून आत आलो ते दार दुसऱ्यांनी मतासाठी खाल्लेल्या लाठ्यांमुळे उघडलं, हे आपल्या मंडळांच्या स्नेहसंमेलनांत जरा कमीच बोललं जातं.

कोलोरॅडोने मात्र धडा घेतला, हे सांगायला हवं. १८७६ नंतर इलेक्टर लोकांच्याच मतांनी निवडले जातील, असं त्याच घटनेत लिहिलेलं होतं आणि १८८० पासून ते पाळलं गेलं. त्यानंतर अमेरिकेत कुठल्याही विधिमंडळाने स्वतः इलेक्टर नेमलेले नाहीत. १८९३ साली कोलोरॅडोतल्या पुरुष मतदारांनी सार्वमत घेऊन स्त्रियांना मताधिकार दिला. २०२० साली तिथल्या लोकांनी सार्वमतानेच एका आंतरराज्य कराराला मान्यता दिली. देशभरात ज्याला सर्वाधिक मतं, त्याला आपले इलेक्टर द्यायचे, असा तो करार आहे. सहभागी राज्यांचे मिळून २७० इलेक्टर होतील तेव्हाच तो लागू होईल. करार बरा की वाईट यावर मतभेद असतील. पण या वेळी लोकांना विचारलं गेलं, हे महत्त्वाचं.

आता आपल्याकडे वळू. वर्क व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेली आपली माणसं आज एका अर्थाने 'टेरिटरी'तच राहतात. कर भरतात, मुलं इथल्या शाळेत घालतात, पण मत नाही. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना २०१० च्या कायदादुरुस्तीने भारतात अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला आपल्या मतदान केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीसाठी कितीजणांना रजा आणि तिकीट परवडलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून तीन साध्या गोष्टी. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मतदार नोंदणी करा आणि राष्ट्राध्यक्षाबरोबर शाळा मंडळाच्या निवडणुकीतही मत द्या. नागरिकत्व नसेल तर इथे मत देण्याच्या फंदात पडू नका, तो गुन्हा आहे. पण शाळा मंडळाच्या आणि नगरपालिकेच्या खुल्या सभांना जाऊन बसायला कुणाची आडकाठी नाही. आणि भारतीय नागरिक असाल तर फॉर्म ६ अ भरून गावच्या यादीत नाव घाला. यादीत नावच नसेल, तर दूरून मतदानाची सोय मागायची तरी कुणासाठी?

'माझ्या एका मताने काय फरक पडतो' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. १८७६ साली फरक नेमका एका मताचा होता. ज्यांना ते मत द्यायला मिळालं नाही, त्यांच्याकडे निदान सबब होती.