गवत संपलं की भुंगा काय खाणार?

परवा एका शेतकरी मेळाव्यात एका वक्त्यांनी गाजरगवत खाण्यासाठी आणलेल्या मेक्सिकन भुंग्याला चांगलंच झोडपलं. ‘आधीच परदेशी गाजरगवत बोकांडी बसलंय, त्यात हा परदेशी किडा! गवत संपलं की काय खाईल? तुमचं पीक!’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या, पण आदल्या दिवशी बांधावरचं तेच गवत उपटून हातांना पुरळ उठलं होतं.

‘परदेशी’चं म्हणाल तर मेळाव्याच्या जेवणातली मिरची, बटाटा आणि टोमॅटो तिकडचेच. वक्त्यांनी ज्याच्यासाठी गळा काढला ते सूर्यफूलही अमेरिकेतलंच.

पण खरी गंमत ‘काय खाईल’ या प्रश्नात आहे. हा भुंगा म्हणजे पंगतीला बसलेला पाहुणा, भात संपला तर पोळी घेईल, अशी काहीतरी कल्पना दिसते. तो असा सर्वभक्षी असता तर आणलाच नसता. १९८३ मध्ये तो मेक्सिकोतून बंगळुरूला आला आणि पिकांवर तपासून झाल्यावर १९८४ मध्ये बाहेर सोडला गेला. पुढे कर्नाटकात सूर्यफुलाची पानं कुरतडलेली दिसली आणि एकच हलकल्लोळ झाला. चौकशी बसली. निघालं काय, तर शेजारच्या गाजरगवताचे पराग पानांवर उडाले होते आणि भुंगा त्यांना फसला होता. तिथे त्याने बिऱ्हाड काही केलं नाही. भुंगा सोडल्याला आता चाळीस वर्षं उलटली. सोलापूर-लातूरकडचं सूर्यफूल घटलं ते भावापायी नि पाखरांपायी. त्याचं खापरही भुंग्यावरच फोडायचं का?

गवत संपल्यावर किडा काय करतो, हे आपल्याच देशात घडून गेलंय. १७९५ मध्ये कंपनी सरकारच्या काळात लाल रंगासाठी ब्राझीलहून निवडुंगावरचा किडा आणला. आणला तो चुकीचा. रंग हाती लागला नाही, पण त्याने एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. निवडुंग सरला तसा किडाही ओसरला; ज्वारीवर गेला नाही. ऑस्ट्रेलियात १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून नेलेल्या पतंगाच्या अळ्यांनी निवडुंगाखाली गेलेली अफाट जमीन मोकळी केली, तर लोकांनी त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधलं. आपण चौकशी बसवतो.

वक्त्यांच्या भाषणात ऑस्ट्रेलियातल्या बेडकाचा दाखलाही आला. तो उसावरच्या किडीसाठी नेला होता, तणासाठी नव्हे. शिवाय बेडूक समोर येईल ते गिळतो. उत्तर अमेरिकेत मात्र काटेरी तणावर सोडलेला एक सोंड्या तिथल्या देशी काटेरी झाडांवर गेला, हे खरं. म्हणून तर तपासणी कडक हवी.

जाता जाता वक्त्यांनी जुनं पालुपदही आळवलं: गाजरगवत पीएल-४८० या अमेरिकी धान्यकराराच्या गव्हातून आलं. पुण्यात ते १९५५ मध्येच नोंदलं गेलं. तो करार १९५६ च्या ऑगस्टमधला. त्याआधीही अमेरिकी गहू आला होता, हे मान्य. पण हा वाद मी तीस वर्षं घालतोय, आणि समोरचा प्रत्येक वेळी ‘काँग्रेस गवत’ हे त्याचं बोलीतलं नाव घेऊन हसतो आणि विषय संपवतो.

आता माझं म्हणणं. भुंगा हा रामबाण नाही. पावसाळा सरला की तो मातीत जाऊन झोपतो, आणि हिवाळ्यात उगवलेलं गवत मोकळं सुटतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये बघावं: पांढुरक्या पाठीवर काळ्या वळणदार रेघा असलेले हे बोटाच्या पेराहून लहान जीव आणि त्यांच्या पिवळट अळ्या शेंडे आधी खातात, म्हणजे फूल यायच्या आत. फक्त भुंगे असतील त्या तुकड्यावर फवारणी करू नये. रस्त्याकडेला, पडीकात भुंगे सोडावेत, जोडीला टाकळा पेरावा. पिकात मात्र खुरपंच.

आमच्या बांधावर तीन पावसाळ्यांपूर्वी बरणीभर आणून सोडले होते. यंदा गवत गुडघ्यापर्यंत येऊन पानांची जाळी झाली. वक्त्यांचं शेत माझ्या वाटेवरच आहे, आणि त्यांच्या बांधावर ते कमरेएवढं आहे. पुढच्या आषाढात बरणी घेऊन जाईन म्हणतो.