नियम फळ्यावर, माणूस खाली

खदानीत काम करणाऱ्याच्या घरी दिवस पाळीवर मोजला जातो. पाळी सुटून दोन तास झाले आणि माणूस परतला नाही, की घरच्या बाईचे लक्ष चुलीवरून दाराकडे जाते. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातील आपल्या कुटुंबांना हे आम्ही सांगायला नको. म्हणून आज एकच प्रश्न घेतो. सुरक्षेचे नियम आहेत, ते पाळायला लावणारे सरकारी खाते आहे, मग माणूस मरतो कसा?

नियमांची आपल्याकडे वानवा नाही. खाणींची तपासणी करणारे खाते १९०२ सालापासून आहे. आज त्याला खाण सुरक्षा महासंचालनालय म्हणतात. मुख्यालय धनबादला आणि एक कार्यालय नागपुरात. ते केंद्राच्या श्रम मंत्रालयाखाली येते, कोळसा मंत्रालयाखाली नाही. कोळसा काढणारा आणि तपासणारा एक नसावा, हे योग्यच आहे. धोका दिसला तर काम थांबविण्याचा अधिकारही या खात्याला आहे.

तरीही २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामात साठलेले पाणी फुटून आत शिरले आणि ३७५ कामगार गेले. अशा पाण्याच्या ६० मीटरच्या आत परवानगीवाचून काम करू नये, हा नियम तेव्हाही पुस्तकात होता. खटल्याचा निकाल लागला २०१२ साली. दोन अधिकारी दोषी ठरले, शिक्षा एक वर्षाची. बाप गेला तेव्हा रांगणारी लेकरे तोवर पस्तिशी ओलांडून गेली होती. पुढे २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडातील ललमटिया येथे खुल्या खदानीत मातीचा ढिगारा कोसळला. २३ जण दगावले. ते ठेकेदाराकडचे कामगार होते.

आम्ही कारकुनी पेशातले. कागद कसा तयार होतो हे आम्हाला ठाऊक आहे. रजिस्टरवर सही असली, की प्रशिक्षण झाले, टोपी-बूट मिळाले, छत तपासले, असे धरले जाते. निरीक्षक कधीमधी येणार. छत रोज पाहतो तो कामगार. पण ठेकेदाराचा माणूस तोंड उघडेल कसा? आज बोलला तर उद्या हजेरी बंद. अंमलबजावणीचे घोडे अडते ते इथे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. दिल्लीत बसून फाइल वाचली असती तरी कोणी विचारले नसते. जमिनीखाली जाऊन पाहणे, यालाच आम्ही तपासणी म्हणतो.

आता कायदा बदलला आहे. १९५२ च्या खाण कायद्यात नियम मोडून मृत्यू घडविणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कैद तेवढीच राहिली, पण दंड किमान ५ लाख रुपये झाला. त्यातला निम्मा तरी मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. दंड वाढला हे बरेच झाले. पण दंड हा माणूस गेल्यावरचा हिशेब आहे. आपल्याला माणूस घरी यायला हवा.

म्हणून बंधूंनो, नेमणुकीचे पत्र मागा. ते देणे मालकावर बंधनकारक आहे. प्रशिक्षणाच्या आणि वैद्यकीय तपासणीच्या कागदांची एक प्रत घरी ठेवा. न झालेल्या प्रशिक्षणावर सही करू नका. शंभर किंवा अधिक कामगारांच्या खाणीत सुरक्षा समिती असावी लागते. तिच्यावर आपला प्रतिनिधी कोण, हे विचारा. धोका दिसला तर मालकाला आणि निरीक्षकाला कळविण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. एकट्याने कळवाल तर एकट्याची हजेरी जाईल. दहाजणांनी मिळून लेखी कळवा आणि पोच घ्या. भगिनींनो, ती पोच जपून ठेवायचे काम तुमचे.