किरकोळ खर्चातलं गाणं



मागच्या आठवड्यात मंडळाच्या वह्या घेऊन बसले होते. अकरा वर्षं झाली, खजिनदारकी माझ्याकडेच आहे. बी.कॉम. झालेली म्हटलं की हिशेब आपोआप गळ्यात पडतो, घरचा काय आणि मंदिराचा काय. यंदाच्या दशलक्षण पर्वाचा अंदाज काढायचा म्हणून मागच्या वर्षीचं पान उघडलं. पहिलीच मोठी रक्कम संगीत पार्टीची, ५१,००० रुपये. राहणं-जेवण वेगळं. खाली मंडप, फुलं, केशर. आणि अगदी शेवटी ‘किरकोळ खर्च’ या सदरात, ऑटोचे १४० आणि झाडूचे ९० यांच्या मधे, माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘गायिका, अकोला – ५०१’.

नाव नाही. नुसतंच ‘गायिका, अकोला’.

आमच्या मंडळातल्या बायांना ती आठवत असेल. क्षमावाणीच्या दिवशी दुपारी गायली होती. मुलगी म्हणते मी, पण दोन लेकरांची आई आहे. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे ऑटोने, पेटी मांडीवर घेऊन आली. एकही फिल्मी चाल नाही. दहीगावला दर्शनाला गेलेल्यांना ब्रह्म महतीसागर हे नाव माहीत असेल. दोनशे वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या मराठीत पदं लिहिली. आपल्यातल्या किती जणींना त्यातलं एक तरी पाठ आहे? मला नव्हतं. या मुलीने ती पदं जुन्या पुस्तकातून उतरवून घेतली, स्वतः चाली लावल्या आणि पाऊण तास गायली. आमच्या आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या, कोणी बोलत असलं तरी त्यांची जपमाळ थांबत नाही. त्या दिवशी माळ हातात तशीच राहिली.

मग आम्ही काय केलं? शाल दिली, श्रीफळ दिलं, पाकीट दिलं. टाळ्या वाजवल्या आणि जेवायला बसलो.

यंदा पुन्हा बोलवावं म्हणून मी फोन केला. म्हणाली, “काकू, यायला आवडलं असतं, पण पेटी दिवाळीपासून दुरुस्तीला पडली आहे. भाता फाटला आणि चार-पाच सूर बसले. साडेचार हजार सांगितले. पेटी नाही म्हणून शिकवण्याही बंदच आहेत.” बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. म्हणूनच मला जास्त लागलं.

फोन ठेवल्यावर तिचा त्या दिवसाचा हिशेब मांडला. जाण्यायेण्याचं भाडं, दोन्हीकडचे ऑटो, दिवसभराच्या बुडालेल्या शिकवण्या. ५०१ मधून वजा केलं तर बाकी शून्याच्या खाली गेली. म्हणजे आम्ही तिला काही दिलं असं मी समजत होते, प्रत्यक्षात तिनेच आमच्या मंडळाला दान दिलं होतं. आणि दान देणाऱ्याचं नाव तर आपण पाटीवर कोरतो!

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या भागात स्वतःची चाल बांधणारं, पाठीशी कंपनी नाही की मोठं नाव नाही असं कोणी गात असेल, तर त्याला शोधणं, त्याचं नाव घेणं आणि त्याचा मेहनताना देणं हे आपलं, ऐकणाऱ्यांचं काम आहे. सरकारचं नंतर.

आपल्या अमरावतीला तर हे कुणी सांगायला नको. कवी सुरेश भट याच गावचे, जन्म १५ एप्रिल १९३२ चा. लहानपणी पोलिओने पाय अधू झाला. आईला कवितेची आवड, तिथून यांना लागली. ‘रूपगंधा’ हा पहिला संग्रह १९६१ साली आला आणि बरीच वर्षं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढची हकिकत अशी सांगितली जाते की मुंबईत रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत हृदयनाथ मंगेशकरांच्या हाताला भटांच्या कवितांचं पुस्तक लागलं, त्यांनी ते विकत घेतलं आणि मग या कवीचा शोध घेतला. त्यानंतर लताबाई, आशाबाईंच्या आवाजात भट घरोघरी पोचले. ‘उंबरठा’ सिनेमा १९८२ चा, आपल्यापैकी कितीजणींनी तो बघून रात्रभर विचार केला असेल. त्यातली गाणीही आठवा.

मला या हकिकतीत शोध घेतला ही गोष्ट मोठी वाटते. पुस्तक आवडणं सोपं आहे. आपल्यालाही रोज काहीतरी आवडतं, अंगठा दाखवून आपण पुढे जातो. रद्दीत गेलेली आणखी किती पुस्तकं असतील, जी उचलणारा हात आलाच नाही?

भटांनी स्वतः पुढे तेच केलं. नवीन मुलांना गझल लिहिता यावी म्हणून ‘गझलेची बाराखडी’ तयार केली, कोणी विचारलं की पाठवायची, पत्रांना उत्तरं द्यायची. आणि गाण्याच्या बाजूने बघितलं तर आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे. मराठीत गझल गाऊन कोणाचं पोट भरतं, असं म्हणणारे तेव्हा भरपूर असणार. त्यांनी आयुष्य त्याच्यात घातलं. मैफली केल्या, गझल सागर प्रतिष्ठान उभं केलं, संमेलनं घेतली, नवख्या कवींसाठी कार्यशाळा घेतल्या, न छापलेल्या पोरांचे शेर गळ्यात घेतले. राज्य सरकारचा २०२४ चा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. आमचे हे गझलेचे वेडे. पण त्यांनाच विचारलं, “भीमरावांचं तिकीट काढून तुम्ही किती वेळा ऐकलं?” तर म्हणाले, “आपल्याकडे कार्यक्रम फुकटच असतात ना.” घ्या!

कडूबाई खरात तुम्ही फोनवर ऐकल्या असतील. छत्रपती संभाजीनगरच्या, हातात एकतारी, बाबासाहेबांची गाणी. नवरा गेल्यावर गाणी म्हणून त्यांनी लेकरं वाढवली. लोकांनी मोबाइलवर त्यांचं गाणं टिपलं आणि ते महाराष्ट्रभर पोचलं. आवाज असा, की धर्म-जात बाजूला राहते आणि अंगावर काटा येतो. मी तो व्हिडिओ निदान दहा जणींना पाठवला असेल. तेव्हा मनात फार पुण्य केल्यासारखं वाटलं होतं.

मग आमच्या पुतण्याने माझं पुण्य मोजून दाखवलं. शून्य.

तो म्हणाला, काकू, तू व्हिडिओ उतरवून घेऊन व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवतेस. ती पन्नास हजार लोकांनी बघितली तरी यूट्यूबवर एकही मोजली जात नाही. आणि मूळ व्हिडिओ दुसऱ्याच कुणाच्या चॅनेलवर असेल तर पैसे त्या चॅनेलवाल्याचे. गाणाऱ्याच्या स्वतःच्या चॅनेलला जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सदस्य लागतात आणि बारा महिन्यांत ४,००० तास लोकांनी बघितलेलं असावं लागतं. (छोट्या व्हिडिओंचा नियम वेगळा आहे, तो सोडा.)

मी लगेच कागद घेतला. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. सहा मिनिटांचं स्तवन धरलं तर पूर्ण ४०,००० वेळा ऐकलं गेलं पाहिजे. आमच्या मंडळात ८५ जणी आहेत. प्रत्येकीने रोज एकदा, वर्षभर, न चुकता ऐकलं तरी ३,१०० तासच होतात. अकोल्याचं एक मंडळ जोडीला आलं तर जमेल. स्पॉटिफायचा नियम २०२४ पासून असा की एखादं गाणं बारा महिन्यांत १,००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच सुरू होत नाहीत, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत बंद केलं तर ते वाजलं असं धरत नाहीत. इथे मात्र ८५ जणींनी महिन्यातून एकदा ऐकलं तरी १,०२० होतात. म्हणजे आपल्या हातात अगदीच काही नाही असं नाही. पण त्यातून जे पैसे येतील त्यात पेटीचा भाताही दुरुस्त होणार नाही, हेही खरं. परदेशात बँडकॅम्प नावाची साइट आहे, तिथे ऐकणारे गाणं विकत घेतात आणि बहुतेक रक्कम गाणाऱ्याकडे जाते. मार्च २०२० पासून काही ठरलेल्या शुक्रवारी तर साइट आपला वाटाही सोडते. आपल्याकडे त्याची गरज काय? भाजीवाल्याला आपण फोनवरून तीस रुपये पाठवतोच की.

आता फिल्मी चालींबद्दल थोडं बोलते, राग मानू नका. मीही त्या चालींवर टाळ्या वाजवून नाचले आहे, मुलाच्या लग्नात तर फारच. पण विधानात बसल्यावर पार्टीवाला कीबोर्डवर ठेका धरतो आणि तीर्थंकरांचं नाव येण्याआधी डोळ्यासमोर नटी येते, हे तुम्हालाही होतंच ना? सिनेमाच्या संगीतकाराला निदान कायद्याचा आधार आहे. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले. त्यांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, तिथे सभासद होता येतं. अकोल्याच्या या मुलीने अशा संस्थेचं नावही ऐकलं नव्हतं. मीही पुतण्याने सांगेपर्यंत ऐकलं नव्हतं.

अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले. त्यातला एक हीनाधिक मानोन्मान, घ्यायचं माप मोठं आणि द्यायचं लहान. काटा-तराजूची गोष्ट म्हणून आपण तो दुकानदारांवर सोडून दिला. पाऊण तास घेऊन ५०१ देणारं माप कोणतं, हा प्रश्न मला अकरा वर्षांत पडला नव्हता.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. एक मामी लगेच म्हणाल्या, “देवाचं गाणं हाय ना वो ते, त्याचा काय भाव करता?” मी म्हटलं, “मामी, संगीत पार्टीबी देवाचंच गाते ना, तिले एक्कावन हजार कसे देले मंग?” हशा पिकला, पण मामींचा चेहरा उतरला आणि मलाही नंतर वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं सगळंच चूक नाही. भक्तीने गाणाऱ्याला पैशाचा स्पर्श नको, असं मानणारी पिढी आहे ती. त्यांच्या वेळी गाणाऱ्या बाईच्या मागे भरलेलं घर असायचं, दाणे-दुणे यायचे. आज खोलीचं भाडं आहे, मुलांच्या शाळेची फी आहे.

दुसरी अडचण जास्त व्यवहाराची निघाली. पार्टी नसेल तर गर्दी होत नाही, गर्दी नसेल तर बोल्या चढत नाहीत, आणि बोल्या चढल्या नाहीत तर मंदिराचा खर्च कुठून? खजिनदार म्हणून मला हे नाकारता आलं नाही. पार्टी यंदाही येते आहे. मात्र दहा दिवसांऐवजी सात दिवस, आणि वाचलेल्या रकमेतून तीन दुपारी आपल्या भागातल्या गाणाऱ्यांना. प्रत्येकी ५,००० आणि प्रवासखर्च, रक्कम आधी ठरवून सांगायची, शाल नको. दोन जणींनी विरोधात हात वर केला, तेही मी इतिवृत्तात लिहिलं. वहीत आता ‘गायन मानधन’ असं वेगळं सदर उघडलं आहे.

पेटीच्या दुरुस्तीचे साडेचार हजार आम्ही नऊ जणींनी पाचशे-पाचशे घालून पाठवले. मंडळाच्या खात्यातून नाही, तो वाद मला नको होता. दान म्हणून पाठवले नाहीत, एका दुपारच्या मानधनाचे आगाऊ म्हणून पाठवले, म्हणजे तिला घेताना संकोच नको. उरलेले पाचशे आणि भाडं त्या दिवशी मिळेल, आणि आमचे पैसे मंडळ परत करेल.

तिचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. विचारल्याशिवाय लिहिणं बरं नाही. काल त्यासाठीच फोन केला होता. म्हटलं, पत्रिका शुक्रवारी छापायला जाते, तुझं नाव मोठ्या अक्षरात येणार, ‘चाली आणि गायन’ म्हणून. कोणतं लिहू, माहेरचं की सासरचं?

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाली, “काकू, असं कधी कुणी विचारलं नाही. उद्या सांगते.”