वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

संघटनेच्या केंद्रात आलेली बाई कोर्टात जायचे ठरवते, तेव्हा आपला पहिला प्रश्न असतो, 'कोणी बाई वकील मिळेल का?' प्रश्न चुकीचा नाही. 1923च्या कायद्याने भारतात बायकांना वकिलीची दारे उघडली, आणि घरातली मारहाण बाईजवळ सांगणे सोपे जाते हेही खरे. पण जिल्हा कोर्टात बरीच वर्षे वकिली केल्यावर मला वाटते, एवढा प्रश्न पुरत नाही. वकील बाई असो वा पुरुष, काम कोणत्या पद्धतीने होते, हे विचारायला हवे.

मी आधी कार्यकर्ती होते, सनद नंतर घेतली. केंद्रात आम्ही बाईला पोटभर बोलू द्यायचो. ज्युनिअर म्हणून काम सुरू केले तेव्हा तीच हकीगत दहा मिनिटांत आटोपताना पाहिली. 'तुम्हाला त्यातले काय कळणार? इथे सही करा,' हे वाक्य रोज कानावर यायचे. घरात नवरा-सासरा तिच्या वतीने ठरवत होते, कोर्टात वकील ठरवतो. मग बाईचे बदलले काय?

म्हणून माझ्याकडे काही गोष्टी ठरलेल्या आहेत. अर्ज बाईला मराठीत वाचून दाखवायचा, तिला पटला तरच सही. प्रत्येक कागदाची झेरॉक्स तिच्याजवळ. तारखेला काय झाले ते त्याच दिवशी सांगायचे. तडजोडीची बोलणी तिच्यासमोरच. संमतीच्या अटींमध्ये पोटगीचा हक्क सोडल्याचे किंवा स्त्रीधन मिळाल्याचे वाक्य असेल, तर त्याचा अर्थ तिने तिच्या शब्दांत मला सांगायचा.

'ही वकिली नव्हे, समाजसेवा,' असे काही वकील मित्र म्हणतात. मला ते मान्य नाही. केस समजलेली बाई उलटतपासणीत सहसा डगमगत नाही. पोटगीचे जुने कलम 125 जुलै 2024पासून नव्या संहितेत 144 झाले. आकडा बदलला, पण नवऱ्याची खरी मिळकत कोर्टापुढे आणण्याचे काम तसेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालापासून दोघांनाही मिळकत-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात नवऱ्याने काय लपवले, हे वकिलाला कुठून कळणार? भाड्याने दिलेली खोली, भावाच्या नावावरचा ट्रॅक्टर, दुधाचे पैसे, हे तिलाच ठाऊक असते. तिला बसवून विचारले, तरच ते कागदावर येते.

कार्यकर्त्यांनी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. तिच्या उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रात 1994च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ केली आहे. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणे बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध आहे. फी थकली म्हणून वकिलाला बाईची फाइल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केले. त्यामुळे वकील बदलायचा असेल, तर ती बदलू शकते.

मैत्रिणींनो, मोफत वकील मिळाला म्हणजे उपकार झाले, असे मानून गप्प बसू नका. केंद्राच्या भिंतीवर वकिलांचे नाव-नंबर असतात. प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना आखा: कागद वाचून दाखवतात का? तो आपल्याकडे आलेल्या बायकांना विचारून भरा. ज्या वकिलाला बाईचे प्रश्न नकोसे वाटतात, त्याच्याकडे तिला पाठवू नका. केस वकील चालवतो, पण निकालानंतर जगायचे असते ते तिला.