तिकडे कायदे कडक आहेत म्हणे!

न्यू जर्सीत स्थलांतरितांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत मी काम करते. समाजकार्याची पदवी गाठीला असली तरी पगारपत्रकावर पद ‘सहाय्यक’. सुट्टीत पुण्याला आले की संघटनेतल्या मैत्रिणीही म्हणतात, "तुमचं बरं आहे, तिकडे कायदे कडक आहेत." मैत्रिणींनो, याच भ्रमावर मुलींची लग्नं लावली जात आहेत.

कडक कोणासाठी? १९९४च्या स्त्री-हिंसाचारविरोधी कायद्याने छळ करणाऱ्या नवऱ्याच्या सहीशिवाय बायकोला ग्रीन कार्डाचा मार्ग मोकळा केला. पण नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तरच. आपला संगणक अभियंता जातो एच-वन-बीवर. त्याच्या बायकोचा व्हिसा एच-फोर, म्हणजे ‘डिपेन्डन्ट’. तिला ते दार बंद. घटस्फोट झाला की त्याच्या आधारावरचा तिचा व्हिसाही संपतो. मार खात राहिली तर कायदेशीर, सुटली तर बेकायदेशीर!

जानेवारी २००६ मध्ये अशा बायकांना नोकरीचा परवाना देण्याची तरतूद झाली. त्यासाठीचा अर्ज निघायला २०१७ उजाडलं. तोही कामाचा परवाना. राहण्याचा हक्क नव्हे. उरतो २०००च्या कायद्यातला यू व्हिसा. त्याला तपास यंत्रणेचं सहकार्याचं प्रमाणपत्र लागतं, वर्षाला मर्यादा १०,००० अर्जदारांची, आणि रांग कित्येक वर्षांची. पोलिसांना फोन कोणी करायचा? जिचा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात आहे तिने? २०१५ पर्यंत एच-फोरवरच्या बाईला नोकरीच करता येत नव्हती. आजही नवऱ्याचं ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्याला पोचलं असेल तरच करता येते.

आणि आमच्या ‘साहाय्या’बद्दल. अर्जावर सही वकिलाची. पण केस उभी राहते ती दुभाषी आणि कार्यकर्ती यांच्या मेहनतीवर. बाई सांगते, "त्यांनी हात उचलला." फोनवरचा दुभाषा शब्दाला शब्द ठेवून सांगतो, की नवऱ्याने हात वर केला. झालं, मारहाण गेली कागदावरून! बाईला तारीख आठवत नाही. गौरी जेवल्या त्या रात्री, एवढं आठवतं. मी पंचांग काढून तारीख शोधते. ‘जरा तापट आहेत’ यामागे काय दडलंय ते कळायला चार बैठका लागतात. या कामाला कारकुनी समजणं म्हणजे घरकामाला काम न मानण्याचीच पुढची आवृत्ती आहे. खिसेकापूची तुरुंगवारी ठरणार असेल तर गरिबाला सरकारी वकील मिळतो. हद्दपारीच्या कोर्टात बाईला तो हक्क नाही. तिथे तिच्या हाती हे असे कागदच असतात.

तेव्हा सल्ला केंद्रांनी एवढं करावं. परदेशात जाणाऱ्या मुलीच्या विवाह नोंदणी दाखल्याची प्रमाणित प्रत, पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स माहेरी ठेवायला लावाव्यात. सोनं बँकेत ठेवता ना, तसंच हे. आणि आईवडिलांनी ‘जुळवून घे’ असे मेसेज पाठवले असतील तर लाजेने पुसू नका म्हणावं. तिने तेव्हाच सांगितलं होतं, याचा तोच पुरावा असतो.