दोष केवळ विडीकाडीचा नव्हे

गरीब पुरुष लवकर मरतो तो आपल्याच विडीकाडीने आणि दारूने, तेव्हा त्याला शहाणपण शिकवा, पगाराच्या आणि कामाच्या गोष्टी मध्ये आणू नका, असा एक पक्ष आहे. हा पक्ष पोकळ नाही. अमेरिकेत 2001 ते 2014 या काळातल्या प्राप्तिकराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांच्या आयुर्मानात 14.6 वर्षांचे अंतर निघाले. गरिबांचे आयुष्य कुठे कमी आणि कुठे जास्त, याचा संबंधही दवाखान्याच्या सोयीपेक्षा धूम्रपान आणि लठ्ठपणा यांच्याशी अधिक जुळला. एवढे मान्य करूनही निष्कर्ष चुकतो. लंडनच्या व्हाइटहॉलमधील सरकारी नोकरांचा जो अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला, त्यात चाळीस ते चौसष्ट वर्षे वयाचे सुमारे 18 हजार पुरुष होते. सगळ्यांना कायमची नोकरी आणि महिन्याचा पगार होता, 1948 पासून सरकारी आरोग्यसेवाही सर्वांना खुली होती. तरी हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपायांमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त होते. शिपाई सिगारेट जास्त ओढत, हे खरे. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही निम्म्याहून अधिक अंतर उरले. शिवाय सर्वोच्च श्रेणीच्या जेमतेम एक पायरी खाली असलेले, खाऊनपिऊन सुखी अधिकारीसुद्धा वरच्यांपेक्षा जास्त मरत होते. उपासमार किंवा अडाणीपणा हे त्याचे उत्तर असूच शकत नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो: आजारामुळे कमाई घटते, कमाई घटल्याने आजार येत नाही. काही अंशी हे घडतेच. अंथरुणाला खिळलेल्याची नोकरी जाते. पण व्हाइटहॉलमधली श्रेणी बरीचशी शिक्षणावरून, नोकरीत शिरतानाच ठरत असे. पन्नाशीतला हृदयविकार त्या वेळी कुणाला झालेला नव्हता. तिसरा आक्षेप नॉर्वेचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. इतके कल्याणकारी राज्य असूनही तिथल्या दोन टोकांच्या पुरुषांत 13.8 वर्षांचे अंतर आहे. मग समतेच्या धोरणाने साधले काय? मात्र टोकाच्या एक टक्क्यात दीर्घ आजारी आणि व्यसनात बुडालेले लोक एकवटतात, आणि बहुसंख्य माणसे त्या टोकांवर राहत नाहीत. निम्न ते मध्यम उत्पन्नाच्या पट्ट्यात पाहिले तर नॉर्वेतला माणूस अमेरिकेतल्या त्याच पायरीवरच्या माणसापेक्षा स्पष्टपणे अधिक जगतो. धोरणाची परीक्षा तिथे घ्यायला हवी.

सवयींचे म्हणाल तर रशियाकडे पाहा. 1987 मध्ये तिथल्या पुरुषांचे आयुर्मान पासष्टीला टेकले होते. 1994 पर्यंत ते अठ्ठावन्नच्याही खाली घसरले. यात दारूचा वाटा मोठा होता. पण सात वर्षांत एका देशाच्या पुरुषांचा स्वभाव बदलत नसतो. 1985 ची दारूविरोधी मोहीम गुंडाळली गेली, व्होडका स्वस्त झाली, कारखाने बंद पडले, पगार महिनोन्‌महिने थकले, आणि मृत्यू वाढले ते मुख्यतः कमी शिकलेल्या पुरुषांचे. पुढे दारूच्या विक्रीवर निर्बंध आले, पगार वेळेवर मिळू लागले, आणि 2019 पर्यंत तेच आयुर्मान 68 च्या वर गेले.