चहाचा गाळा आणि घाट

परतवाड्यात चित्रकाराला एकांत तसा स्वस्तात मिळतो. चिखलदऱ्याची एसटी धरायची, घाट लागला की माणसं विरळ होतात. महाग आहे ती सोबत. चित्रासमोर उभं राहून ‘भाऊ, हा निळा लयच झाला’ असं तोंडावर सांगणारं माणूस इथं सहजी सापडत नाही.

एकांताचा विषय निघाला की वासुदेव गायतोंड्यांचं नाव येतंच. जन्म १९२४ चा, नागपूरचा, म्हणजे विदर्भाचा हक्क थोडा आपलाही! दिल्लीत निजामुद्दीनला राहणारा, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करणारा अबोल माणूस, हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं. त्याआधीची मुंबई आपण विसरतो. जे. जे. झालं, प्रोग्रेसिव्ह मंडळींची संगत झाली. भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये शेजारी हुसेन, त्याच आवारात अल्काझींचं नाटक आणि रविशंकरांची सतार. १९६४ मध्ये न्यूयॉर्क. दिल्लीला ते गेले १९७२ च्या सुमारास, पन्नाशीकडे झुकल्यावर. एवढी माणसं आत साठवून मग त्यांनी दार लोटलं.

आमच्याकडच्या तरुणांना आम्ही उलट सांगतो: आधी शांतता शोध. दिवसा शाळेत ड्रॉइंग शिकवून, सणासुदीला पाट्या रंगवून थकलेल्या पोराला आणखी शांतता कशाला? त्याला हवा चहाचा एक गाळा, भिंतीला टेकवलेली दोन चित्रं आणि भांडायला चार जण. घाट काय, जवळच आहे.